लहान होत जाणारा चेहरा

रविवारच्या बारशाला आईने येऊ नये, हे सांगायला आण्णासाहेब चौगुल्यांनी बुधवारी सकाळी फोन केला. आणि तोही आईला नाही, त्रिशलाला. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर ठेवायचं तिच्याशी बोलण्याइतका धीर माणसाला नसतो, म्हणून मग मुलीला मधे घालायचं.

"तुम्ही आत्या," आण्णासाहेब म्हणाले. आवाजात साखर घोळलेली. "तुमच्याशिवाय नाव कोण ठेवणार? दहापर्यंत या. फक्त विहीणबाईंना तेवढं तुम्हीच समजवा. कायदा आहे. आमच्या हातात काय राहिलंय?"

"तुमच्या मुलीला विचारलंत?"

"अनुजा बाळंतीण आहे. तिला कशाला त्रास?"

त्रिशलाने फोन ठेवला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिच्या धाकट्या भावाचा, श्रेणिकचा, आणि अनुजाचा हा पहिला मुलगा. बारा दिवसांचा होणार होता आणि त्याच्या सख्ख्या आजीने त्याला पाहिलं नव्हतं. कारण श्रेणिकच्या आईच्या नावापुढे, म्हणजे राजमती मगदूम या नावापुढे, सरकारदरबारी 'अंतर' असा शिक्का होता.

हा शिक्का नवा. मूल होणार असं नोंदवलं की आईबापाने सहा रात्री स्वप्नं टिपणारी टोपी घालून झोपायचं. घरातल्याच एखाद्या माणसाचं भीतिदायक स्वप्न पुन्हा पुन्हा पडतंय असं दिसलं, की त्या माणसावर शिक्का. मग जिथे पाच वर्षांच्या आतलं मूल आहे अशा नात्यातल्या कुठल्याच घरात त्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही. दोनचार घरांत भयंकर प्रकार घडले होते, वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं, आणि सरकारने काहीतरी केलं असं दिसायला हवं होतं. त्रिशलाची स्वतःची मुलगी तीन वर्षांची. म्हणजे तिचंही दार आईला बंद. आई आठ महिने जतला मामाकडे होती, आणि तिने एकदाही तक्रार केली नव्हती. या शेवटच्या गोष्टीचा त्रिशलाला सगळ्यात जास्त राग यायचा.

पण तो राग नीट बाहेर काढायची सोय नव्हती. कारण ती मिरजेच्या निद्रालेख केंद्रात तंत्रज्ञ होती, आणि श्रेणिकच्या डोक्यावर टोपी तिनेच बसवली होती.

टोपीत तसं जादूचं काही नाही. मेंदूच्या पेशींमधून बारीक वीज वाहते आणि तिच्याभोवती अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते टिपायला पूर्वी खोलीभर यंत्र लागायचं. आता संवेदक शर्टाच्या बटणाएवढे झाले आणि कापडी टोपीत शिवता आले. स्वप्न पडतं तेव्हा डोळे मिटलेले असले तरी मेंदूचा पाहणारा भाग कामावर असतो. चेहरे ओळखणारा एक कोपरा असतो, हातापायांना हुकूम सोडणारी एक पट्टी असते, आणि खोलवर बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो, तो घाबरला की उसळतो. माणूस जागा असताना त्याला घरच्यांचे फोटो दाखवायचे. प्रत्येक चेहऱ्याला मेंदूचा ठसा वेगळा. मग रात्री तोच ठसा उमटला, की स्वप्नात कोण आलंय ते कळतं. पायांना पळायचे हुकूम सुटतात, ते झोपेत पायापर्यंत पोचत नाहीत, पण टोपीला ऐकू येतात.

इथपर्यंत शास्त्र होतं आणि त्रिशलाचा त्यावर विश्वास होता. पुढे मात्र दुकानदारी सुरू झाली. कोण आलं आणि किती भीती वाटली एवढ्यावर लोकांचं समाधान होईना, त्यांना अर्थ हवा होता. म्हणून टोपी बनवणाऱ्यांनी अहवालात तळाशी एक रकाना घातला आणि त्याला 'अर्थ' असंच नाव दिलं. श्रेणिकच्या अहवालात त्या रकान्यात लिहिलं होतं: 'आईपासून पलायन. धोका: तीव्र.'

त्याच्या वरच्या रकान्यात तंत्रज्ञाने काही माहीत असल्यास लिहायचं असतं. रकान्याचं नाव 'घटना'. तिथे त्रिशलाने स्वतः टाइप केलं होतं: 'वयाच्या सहाव्या वर्षी आईकडून मार.'

खोटं काही नव्हतं त्यात. श्रेणिक सहा वर्षांचा आणि त्रिशला बारा वर्षांची असताना कृष्णेला महापूर आला. त्यांच्या हिंगणवाडीतून शेवटची होडी निघाली तेव्हा तीत दोन मुलांपुरती जागा होती. वडील त्याआधीच वारलेले. श्रेणिक आईचा पदर सोडेना. आईने त्याच्या दोन मुस्काटात दिल्या, उचलून होडीत फेकला आणि स्वतः काठावर राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या गच्चीवर सापडली, गोठ्यातली म्हैस सोबत घेऊन. मगदुमांच्या घरी ही गोष्ट पुराची म्हणून कधी सांगितली गेली नाही. सांगितली गेली ती मुस्काटात मारल्याची. सण असो, पाहुणे असोत, आई स्वतःच हसत सांगायची, "दोन ठेवून दिल्या तवा कुठं बसलं होडीत गप." सगळे हसायचे. श्रेणिकही हसायचा. वीस वर्षं सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती, की अहवाल आला तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. यंत्राने काढलेल्या अर्थाला कारण पुरवलं ते घरच्यांनीच.

दुपारी तिने आईला फोन लावला.

"रविवारी मी तुला न्यायला येते. काय व्हायचं ते होऊ दे."

"खुळ्यासारखं करू नको," आई म्हणाली. मागे मामाच्या शेळ्या ओरडत होत्या. "बाळंतिणीच्या घरात पोलीस आणतीस काय?"

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटून काय करू? मी मारलं की त्याला. लेकरू भ्यालं असंल. इतकी वरसं पोटात ठेवून होतं, आता निघालं बाहेर. त्याचा काय दोष?"

"आई, दोन मुस्काटात. सगळ्यांच्या आया मारतात."

"व्हय, पण सगळ्यांच्या पोरांच्या सपनात येत न्हाईत." मग तिने विचारलं, "टोपडी पाठवलीत मी मामाच्या पोरासंगं. डोक्याला बसली का बघ."

त्रिशलाच्या डोक्यात तिडीक उठली. सरकारवर नाही, आण्णासाहेबांवरही नाही. या शहाण्यासुरत्या बाईवर, जी पुराच्या पाण्यात रात्रभर म्हशीचं दावं धरून उभी राहिली आणि कागदाच्या एका ओळीपुढे मान खाली घालून जतला गेली.

गुरुवारी सकाळी ती केंद्रात गेली आणि तिने श्रेणिकची मूळ नोंद उघडली. असं कुणी करत नसे. रोज चौदा अहवाल पुढे ढकलायचे असतात, तळाची ओळ वाचायची आणि सही ठोकायची. मूळ नोंद म्हणजे नुसत्या रेघा, एकाखाली एक. त्या बघायला वेळ कुणाला आहे?

तिने तीन रेघा वेगळ्या काढल्या. पहिली पायांची. ती पळत होती, सहाही रात्री. दुसरी आईच्या चेहऱ्याची, म्हणजे चेहरा नजरेत किती मोठा दिसतोय त्याची. जवळचा चेहरा मेंदूत जास्त जागा व्यापतो, लांबचा कमी. ही रेघ उतरत होती. चेहरा लहान लहान होत टिपक्याएवढा झाला होता. पाय पळतायत, चेहरा लांब जातोय. म्हणजे माणूस त्या चेहऱ्यापासून पळतोय. यंत्राने हिशेब मांडला होता तो एवढाच.

तिसरी रेघ भीतीची. ती चढत होती.

त्रिशला खुर्चीत नीट बसली. तिने दुसरी आणि तिसरी रेघ एकावर एक ठेवली. एक उतरत होती, एक चढत होती, आणि मधोमध त्या एकमेकींना छेदत होत्या. सहाही रात्री, तशाच. आई जितकी लहान दिसत गेली तितका श्रेणिक जास्त भ्याला होता. कुत्रं मागे लागलं तर ते जवळ आल्यावर माणूस जास्त घाबरतो, लांब राहिलं की हुश्श करतो. ज्याच्यापासून पळायचं तो लांब गेल्यावर भीती वाढेल कशाला?

वाढते. तो माणूस आपल्यापासून तुटत असेल तर वाढते.

मेंदूतल्या त्या बदामाला आईला भिणं आणि आईसाठी भिणं वेगळं कळत नाही. तो दोन्ही वेळा तसाच उसळतो. आणि पाय पळतायत एवढं टोपीला कळतं. कुणीकडे, ते कळत नाही. कळत नाही तर तसं लिहावं की नाही? पण रिकाम्या रकान्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

तिने आणखी सहा अहवाल उघडले, ओळखीपाळखीचे नसलेले. दोन ठिकाणी तशाच छेदणाऱ्या रेघा. एक कुणाचा तरी नवरा, एक कुणाची आजी. दोघांवर शिक्का. दोन्ही अहवालांवर तिचीच सही.

डॉक्टर निमकर केंद्राचे प्रमुख. त्यांनी रेघा पाहिल्या, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"हे रंजक आहे," ते म्हणाले.

"रंजक?"

"बसा आधी. त्रिशला, अर्थ लावणं तुमचं काम नाही. माझंही नाही. ते टोपीमागची संगणक प्रणाली करते. अठरा हजार लोकांच्या स्वप्नांवर शिकवलंय तिला."

"कोण होते हे अठरा हजार?"

"घरच्या माणसांनी छळलेले. मारहाण, हल्ले, त्यातून सुटलेले लोक. ज्यांना असली स्वप्नं पडतात तेच घेणार ना?"

"म्हणजे जे घरच्यांपासून पळाले, फक्त त्यांच्यावर शिकवलं. मग तिला पळून जाण्याशिवाय दुसरं काही दिसेलच कसं? आणि सर, त्या प्रणालीला आई आहे का?"

"भावनेच्या भरात बोलू नका."

"माझी आई आठ महिने घराबाहेर आहे. भावना नसतील तर काय असेल?"

निमकरांनी हात झटकले. शिक्का काढायचा तर अर्ज स्वप्न पाहणाऱ्यानेच करायचा, सोबत त्या स्वप्नाचा दुसरा खुलासा जोडायचा. नियम तसा आहे. आणि कुटुंबातल्या माणसाची नोंद तिने हाताळायला नको होती, हेही नियमात आहे. आधीही आणि आताही. तेवढं सांगून ते उठले.

रविवारी चौगुल्यांच्या घरी बायकांनी हॉल भरला होता. मधोमध पाळणा, त्याला झेंडूची माळ, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं. अनुजा पाटावर बसली होती, चेहरा उतरलेला. पाळणा म्हणून झाला. आत्याने वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही वेळ आली. बायका हात सरसावून तयार होत्या.

त्रिशला वाकली. बाळाच्या डोक्यावर आईने शिवलेलं टोपडं होतं, जरा मोठं, कपाळावर आलेलं. ती तशीच सरळ उभी राहिली.

"मी नाव ठेवणार नाही," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. चेष्टाच वाटली असणार.

"याची आजी जतला बसलीय. ती येईपर्यंत हा बिननावाचा राहील. आत्या मी एकटीच आहे, दुसरी आणायची तर आणा."

आण्णासाहेब पुढे आले. "अहो, चार माणसांत हे काय? तुम्ही स्वतः त्या खात्यात. तुम्हीच कायदा मोडायच्या गोष्टी करता?"

"खात्यात आहे म्हणूनच सांगते. तुमचा कायदा आंधळा आहे आणि त्याच्या हातात काठी मी दिलीय."

श्रेणिकने तिचा दंड धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. दार लावून तो तिच्यावर उखडला.

"काय तमाशा चालवलायस? मला बरं वाटतंय होय आईला तिकडं ठेवून? पण पोरगं लहान आहे. उद्या माझंच डोकं फिरलं, काय झालं तर?"

"अजून पडतं स्वप्न?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "रोज. आधी आठवड्याला पडायचं. ती गेल्यापासून रोज."

त्रिशलाने पिशवीतून कागद काढला आणि पलंगावर पसरला. रेघा दाखवल्या. ही आई लहान होतेय, ही तुझी भीती वाढतेय. तिने फार काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "श्रेणिक, तू कुणीकडं पळतोस?"

तो कागदाकडे बघत राहिला.

"मागं," तो म्हणाला. "होडी पुढं चाललीय आणि मी होडीत मागं पळतोय. तिच्याकडं. होडी संपतच नाही, लांबच लांब. ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी आणि लहान होत जाते. मी ओरडतो, पण आवाज फुटत नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "हे मला कुणी विचारलंच नाही, ताई. सहा रात्री टोपी घातली, सह्या घेतल्या, फोटो दाखवले. स्वप्नात काय झालं असं एका माणसानं विचारलं नाही."

"मीही नाही विचारलं."

"तू का नाही विचारलंस?" आता त्याचा आवाज चढला. "टोपी तूच घातलीस ना माझ्या डोक्यावर? मार खाल्ला म्हणून तूच लिहिलंस. होडीत तू होतीस की माझ्याजवळ. मी उडी मारत होतो आईकडं, आणि मला कंबरेला धरून कोण बसलं होतं? तूच होतीस ना? तुला माहीत होतं मी कुणीकडं पळत होतो. अख्ख्या जगात तुला एकटीला माहीत होतं."

चार दिवस ती निमकरांवर, आण्णासाहेबांवर, आईवर, टोपीवर चिडत होती, आणि त्या सगळ्या रागाची एक वाट तिने मुद्दाम बंद ठेवली होती. ती आता भावाने उघडली. त्याची ओली कंबर तेव्हा तिच्या हातांतून निसटायला बघत होती, तिने नखं रुतवून धरली होती. मग वीस वर्षं तीही मुस्काटात मारल्याच्या गोष्टीला सगळ्यांबरोबर हसली, कारण दुसरी गोष्ट तिला आठवायची नव्हती.

"होय," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

दार उघडून अनुजा आत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही. टेबलावरचं पेन उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. "अर्ज इथंच लिही," ती म्हणाली. मग दारातून बाहेर सांगितलं, "घुगऱ्या वाटून टाका. नाव नंतर ठेवू." आण्णासाहेब काहीतरी बोलायला लागले, तर ती बापाला म्हणाली, "आण्णा, मूल माझं आहे."

सोमवारी त्रिशलाने तिच्या वाट्याच्या चौदाही अहवालांत अर्थाच्या रकान्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'स्वप्न पाहणाऱ्याला विचारलेलं नाही.' मंगळवारी तिला घरी बसवलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. संताप मात्र उतरला नाही, आणि उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

अर्ज केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, शिक्के मारणाऱ्या सरकारी कक्षाकडून पत्र आलं. 'राजमती मगदूम यांच्या नावावरील नोंद रद्द करण्यात येत आहे.' खाली कुणाची तरी सही. आठ महिन्यांबद्दल एक अक्षर नाही, चूक झाली असं तर नाहीच.

त्याच दिवशी श्रेणिक जतला जाऊन आईला सांगलीच्या आपल्या घरी घेऊन आला; अनुजाही बाळाला घेऊन तिथे आली होती. वाटेत त्याने तिला होडीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, एकदा त्याच्या पाठीवरून हातही फिरवला. घरी पोचल्यावर तिने पाय धुतले आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली. पाळणा पलीकडे, खिडकीपाशी. चारपाच बायका शेजारच्या आल्या होत्या. त्रिशलाने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले. आई तिथूनच बघत होती आणि हसत होती.

"जवळ ये की," त्रिशला म्हणाली.

"हितनं दिसतंय."

"आई, शिक्का गेला. पत्र वाचून दाखवलं ना तुला?"

"गेला की. मी कुठं न्हाई म्हंते?" मग ती श्रेणिककडे वळली. "पाळण्याची दोरी आखूड हाय रं. दोन हात वाढवून दे. मी हितनं झोके देते."

श्रेणिकने दोरी वाढवली नाही. त्याने बाळाला पाळण्यातून उचललं, उंबऱ्यापाशी आला, गुडघ्यावर बसला आणि बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. आईने दोन्ही हात वर उचलले. बाळाला कुठे बोटही लागू नये असे, खांद्याच्या वर. बाळ मांडीवर हलू लागलं, टोपडं डोळ्यांवर आलं, तरी तिचे हात खाली येईनात. हेच हात पुरात रात्रभर दावं धरून राहिले होते.

"उचल रं त्याला," ती म्हणाली. "लौकर उचल. मला माझंच भ्या वाटतंय."

श्रेणिकने बाळाला उचललं नाही, पण खालून आपले दोन्ही हात लावून धरलं. त्रिशला मधल्या खोलीत गेली. टेबलावर कक्षाचं पत्र होतं. ते तिने फाडलं, मग आणखी फाडलं, तुकडे उभे आडवे फाडत राहिली, आणि मागून आई अजून म्हणत होती, उचल रं, पडंल ते.